खुब्याचा नवा सांधा आणि घाटातले घर

पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वरकडे निघालेली एस. टी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एखाद्या वाडीच्या फाट्यावर थांबते. दारातली पहिली पायरी जमिनीपासून चांगली उंच असते. पाठीला दप्तर लावलेली मुले ती एका उडीत चढतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई दांडा धरून चढते. पायरीची उंची कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु खुब्याचा सांधा बदलून जेमतेम काही आठवडे लोटलेल्या पंचविशीतल्या तरुणाला त्या पायरीपाशी थांबावे लागते. आधी कोणता पाय उचलावयाचा, हा प्रश्न त्याला त्यापूर्वी आयुष्यात कधी पडलेला नसतो. मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडतो, "अरे, तरणाताठा गडी तू, चढ की भराभर!" ओरडणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला फक्त एवढेच ठाऊक नसते, की सांधा बदलावा लागणारी माणसे सगळीच म्हातारी नसतात.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा उतारवयाचा विषय, असा समज रूढ होण्यास कारणही तसेच आहे. ती शस्त्रक्रिया मुळात वृद्धांसाठीच घडविली गेली. मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा कटीच्या हाडातील वाटीत बसतो. शाळेच्या पुस्तकात त्याला उखळीचा सांधा म्हणतात. हा माथा आणि ही वाटी दोन्ही कृत्रिम बसविण्याचा प्रयत्न लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये केला होता. परंतु तो टिकाऊ करून दाखविला तो जॉन चार्न्ली यांनी, इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. ती थोड्याच वर्षांत झिजली आणि रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. हे अपयश झाकून न ठेवता चार्न्ली पुढे गेले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पोलादाचा लहान माथा व चिवट पॉलिथिलीनची वाटी अशी जोडी बसविली. आजचे सांधे त्या जोडीचेच वंशज आहेत. २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने एका लेखाच्या शीर्षकातच या शस्त्रक्रियेला शतकाची शस्त्रक्रिया म्हटले, ते यथार्थच होते. मात्र तरुणांवर ती करण्यास स्वतः चार्न्ली फारसे राजी नसत. तरुण माणूस पुष्कळ चालणार, पुष्कळ ओझे उचलणार आणि पुष्कळ वर्षे जगणार. तेवढा काळ वाटी टिकेल काय, ही त्यांची शंका होती.

तरुणांचा सांधा का जातो

मग पंचविशी-तिशीत ही पाळी येते कशी? याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या बारीक असतात आणि त्यांना पर्यायी वाट फारशी नसते. हा पुरवठा तुटला, की माथ्यातील हाड मरते आणि शरीराच्या भाराखाली हळूहळू खचते. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत घेतलेली स्टिरॉइड औषधे, अतिरिक्त मद्यपान, सिकल सेलचा आजार ही त्याची ज्ञात कारणे होत. कित्येकदा कारण सापडतही नाही. कण्याचा सांधा आखडविणारा संधिवात, लहानपणी खुब्याला झालेला क्षय, जन्मतःच उथळ असलेली वाटी यांमुळेही तरुण वयात खुबा निकामी होतो.

कोविडच्या साथीनंतर या विषयाकडे लोकांचे लक्ष प्रथमच मोठ्या प्रमाणावर गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. संजय अग्रवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कोविडवरील उपचारात तिघांनाही स्टिरॉइड द्यावे लागले होते, आणि त्यानंतर त्यांचे खुबे दुखू लागले. त्या औषधाने असंख्य प्राण वाचविले हे खरे. परंतु त्याची किंमत काहींच्या खुब्यांनी चुकविली हेही तितकेच खरे. रोग लवकर ओळखला तर औषधोपचाराने माथा वाचण्याची शक्यता असते, हा त्या नोंदीतला महत्त्वाचा धडा होता. जांघेत सतत दुखणाऱ्या तरुणाला 'लचक भरली असेल' म्हणून तेल चोळीत बसविणे हे म्हणूनच धोक्याचे आहे.

घाटातल्या माणसाला आणखी एक कारण जवळचे आहे. जीपगाडी समोरून आदळली, की पुढच्या आसनावरील माणसाचा गुडघा समोरच्या फळीवर आपटतो, मांडीचे हाड मागे रेटले जाते आणि माथा वाटीतून निसटतो. निसटलेला माथा शक्य तितक्या लवकर, साधारण सहा तासांच्या आत, जागेवर बसवावा असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यापुढे जाणाऱ्या प्रत्येक तासागणिक हाड मरण्याचा संभव वाढतो. सहा तास ही मुदत शहरात मोठी वाटते. पावसाळ्याच्या रात्री, दरड कोसळून रस्ता अडलेला असताना, ती फार लहान असते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची बस याच आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि ३० जणांचा अंत झाला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडींनी माणसे गाडली गेली आणि घाटरस्ताही जागोजागी तुटला. मृत्यूंची मोजदाद सरकार ठेवते आणि ती ठेवलीच पाहिजे. परंतु अपघातातून वाचलेला माणूस वर्ष-दोन वर्षांनी लंगडू लागतो, तेव्हा त्याच्या खुब्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

रुग्णालयातले चार दिवस

शस्त्रक्रिया मुंबईत किंवा पुण्यात होते. ती दीड-दोन तासांची असते. तिचे तंत्र आता इतके स्थिरावले आहे, की बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभे केले जाते. नातेवाइकांना हे क्रौर्य वाटते. काल फाडलेल्या माणसाला आज चालविता, असे म्हणून आई परिचारिकेशी भांडते. परंतु लवकर चालविण्यामागे पक्के शास्त्र आहे. निजून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी धरते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. रक्त पातळ ठेवणारे औषध कित्येकदा पाच आठवड्यांपर्यंत देतात, पाऊल वरखाली हलविण्याचा साधा व्यायाम तासातासाला करावयास सांगतात, तो याचसाठी.

तरुण रुग्णाला या चार दिवसांत एक विलक्षण अनुभव येतो. जखम दुखत असते, मांडी सुजलेली असते. परंतु खुब्यातील ती जुनी वेदना, जिने त्याची झोप दोन-तीन वर्षे खाल्लेली असते, ती नाहीशी झालेली असते. जुने दुखणे गेले, म्हणजे पाय बरा झाला, असा त्याचा ग्रह होतो. येथेच खरी कसोटी सुरू होते. नवा सांधा जागेवर बसलेला असला, तरी त्याला धरून ठेवणारे स्नायू व पडदे कापून शिवलेले असतात. तरुणांत बहुधा सिमेंट न लावता बसविला जाणारा सांधा हाडाशी एकजीव होण्यास काही आठवडे, कधी काही महिने घेतो. सांधा निसटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हाताऱ्या रुग्णाला सावकाश हालचाल करण्याची सवय असते. तरुणाला हालचाल आवरण्याची सवय करावी लागते.

घरी आल्यावर

रुग्णालयातून निघताना एक कागद हाती मिळतो. खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाऊल आत वळवू नये, निजताना दोन पायांत उशी ठेवावी, खाली बसू नये. खुब्याच्या मागल्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर हे नियम साधारण सहा ते बारा आठवडे पाळावयाचे असतात. पुढील बाजूने केली असल्यास ते सैल असतात. शल्यविशारदांत याविषयी मतभेद आहेत आणि काही जण आता पूर्वीइतके कडक राहिलेले नाहीत. म्हणून ज्याने शस्त्रक्रिया केली त्याचेच ऐकावे, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये, हे उत्तम.

परंतु हा कागद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे घर असते त्यात पलंग असतो, खुर्ची असते, कमोड असतो आणि उद्वाहक असतो. पोलादपूर-महाडच्या डोंगरातले घर तसे नसते. त्याला अंगणापासून ओटीपर्यंत दगडी पायऱ्या असतात, त्याही एकसारख्या उंचीच्या नसतात. जेवणे जमिनीवर, निजणे जमिनीवर, चूल जमिनीवर, संडास उकिडवे बसण्याचा आणि तोही बहुधा घरापासून वेगळा. या घराचा सारा व्यवहार जमिनीच्या पातळीवर चालतो, आणि डॉक्टर सांगतात, की जमिनीकडे जाऊ नका. भात लावणीच्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली, तर भोवतालचे सारे गाव वाकलेले असते आणि हा एकटा ताठ उभा असतो.

तरीही मार्ग निघतात, आणि ते बहुधा घरातल्या बायका काढतात. बाजेच्या पायांखाली चिरे देऊन ती उंच केली जाते. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापून ती संडासावर ठेवली जाते. मात्र ती चारी पायांवर पक्की बसली आहे ना, हे आधी धडधाकट माणसाने बसून पाहिले पाहिजे. मोजे-चप्पल घालण्यासाठी आणि खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी आकड्याची काठी तयार होते. अंगणातले शेवाळ खरवडून काढले जाते, कारण कोकणच्या पावसात निसरडे अंगण हाच नव्या सांध्याचा पहिला शत्रू. वाटेत आडवा निजणारा कुत्राही काही दिवस मागीलदारी बांधावा लागतो.

पायऱ्यांचा नियम तर दोन शब्दांत सांगण्यासारखा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एवढा एक नियम अंगवळणी पडला, की ओटीच्या पायऱ्या सुटतात आणि एस. टी.ची पायरीही पुढे सुटते. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढतात. साधारण सहा आठवड्यांनी वॉकर सुटून काठी येते, पुढे तीही सुटते. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून पाणी येऊ लागले, ताप भरला किंवा एकाएकी तीव्र कळ येऊन पाय आखूड झाल्यासारखा दिसला, तर मात्र घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावयास हवे. पावसाळ्यात ही 'तडक' कशी साधावयाची, हे घाटातल्या कुटुंबाने शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच ठरविले पाहिजे. शक्य असेल त्याने पहिले काही आठवडे महाडला अथवा मुंबईच्या नातलगांकडे काढावेत. चाकरमान्यांच्या या मुलखात मुंबईला कोणी नाही असे घर क्वचितच सापडेल.

सहानुभूतीचे दोन प्रकार

शरीराची ही बाजू झाली. तिच्याहून अवघड बाजू मनाची आणि समाजाची आहे. साठी उलटलेल्या गृहस्थाने सांधा बदलला, तर त्याला भेटायला येणारे लोक आपापल्या गुडघ्यांच्या गोष्टी सांगून जातात. त्याला सोबती असतात. पंचविशीतल्या रुग्णाला सोबती नसतो. त्याला भेटायला येणाऱ्यांत दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचे लोक त्याला कायमचा अपंग समजतात. 'आता याचे लग्न कसे व्हायचे', 'याला बैठे काम बघा' असे ते त्याच्यादेखत बोलतात. मुलगी असेल तर हा स्वर आणखी जड होतो, आणि कित्येक घरांत शस्त्रक्रियेची गोष्टच लपवून ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारच्या लोकांच्या मते त्याला काहीच झालेले नाही. आठ दिवसांत तो चालू लागला, म्हणजे पंधराव्या दिवशी त्याने गोणी उचलावी, महिन्याने कारखान्यात पाळीवर उभे राहावे. पहिल्यांची सहानुभूती अतिरेकी आणि दुसऱ्यांची मुळीच नाही. दोन्ही सारख्याच घातक होत. एकीने स्नायू वापराविना वाळतात, दुसरीने सांधा निखळतो.

वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. नीट बसलेला व नीट सांभाळलेला सांधा तरुणाला नोकरी, संसार, प्रवास, अपत्यसंगोपन हे सारे करू देतो. अमेरिकन बेसबॉलपटू बो जॅक्सन याने १९९२ मध्ये सांधा बदलून घेतला आणि १९९३ मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. टेनिसपटू अँडी मरे याच्या खुब्याच्या माथ्यावर जानेवारी २०१९ मध्ये धातूचे आवरण बसविण्यात आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली. ही अपवादात्मक माणसे होत आणि त्यांच्या दिमतीला निष्णातांचा ताफा होता, हे विसरून चालणार नाही. परंतु सांधा बदलला म्हणजे आयुष्य संपले, हे म्हणणे खोटे ठरविण्यास ती पुरेशी आहेत.

उलट बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. कृत्रिम सांधा झिजतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार शंभरांतील सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. २०१७ च्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले, की सत्तरीनंतर सांधा बसविलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा संभव सुमारे पाच टक्के असतो, तर पन्नाशीच्या सुरुवातीस सांधा बसविलेल्या पुरुषांत तो ३५ टक्क्यांपर्यंत जातो. तेव्हा पंचविशीतल्या रुग्णाने आयुष्यात आणखी एक शस्त्रक्रिया गृहीत धरणेच शहाणपणाचे. यावरून काही लोक असा सल्ला देतात, की दुखणे सोसून शस्त्रक्रिया चाळिशीपर्यंत लांबवावी. जोवर औषधाने व काठीने भागते, तोवर हा सल्ला योग्यच आहे. परंतु वेदनेमुळे शिक्षण सुटले, नोकरी सुटली, दुसरा पाय आणि कंबरही कामातून जाऊ लागली, तर सांध्याची पंधरा वर्षे वाचविण्यासाठी तारुण्याची पंधरा वर्षे खर्ची घालणे हा कसला हिशेब?

करावयाचे काय

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये जीवनदायी योजनेचा नवा अवतार ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आणला, त्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. अशा योजनांमुळे गरिबाला मोठ्या रुग्णालयाचे दार उघडले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आपला सारा विचार शस्त्रक्रियेपाशी येऊन थांबतो. तिच्यानंतरचे बारा आठवडे हे घराचे खासगी संकट मानले जाते. व्यायाम शिकविणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा जरी नेमाने भेटला, तर घाटातल्या रुग्णाला मुंबईची फेरी वाचेल. वॉकर, उंच खुर्ची, कमोडची बैठक या वस्तू तीन महिन्यांपुरत्या लागतात. ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या तरुण मंडळाने त्यांचा एकेक संच विकत घेऊन उसनवारीने द्यावयाचे ठरविले, तर गणपतीच्या एका वर्षाच्या रोषणाईहून त्यास अधिक खर्च येणार नाही. घरी द्यावयाचा कागद मराठीत आणि चित्रांसह असावा. बसविलेल्या सांध्याची बनावट, आकार व क्रमांक दाखविणारी चिठ्ठी रुग्णाने आयुष्यभर जपून ठेवावी. २०१० मध्ये धातूवर धातू घासणारा एका प्रकारचा खुबा जगभरातून परत मागविण्यात आला, तेव्हा आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हे कळावयास ही चिठ्ठीच उपयोगी पडणार होती.

कार्यालयांनी आणि शाळांनीही थोडे शिकले पाहिजे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या लिपिकाला रजेनंतर काही दिवस तळमजल्यावर टेबल दिल्याने फायली अडत नाहीत. शिक्षकाला वर्गात उंच स्टूल दिल्याने शिस्त बिघडत नाही. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला परीक्षेच्या वेळी तिसऱ्या मजल्याऐवजी खालच्या दालनात बसविण्यास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. सहा-आठ आठवड्यांच्या या सवलती आहेत, परंतु त्यांवाचून कित्येकांचे एक वर्ष, क्वचित सबंध शिक्षण वाया जाते.

डोंगराळ मुलखात असे काही होणे नाही, असे म्हणणाऱ्यांनी महाडचेच उदाहरण आठवावे. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसे पाहिली, रात्र-रात्र त्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने ती वाचविता येतात हे जगाला दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या संशोधनाला लागली ती रुग्णाच्या उशाशी बसण्याची चिकाटी. शस्त्रक्रियेनंतरच्या बारा आठवड्यांनाही नेमकी तिचीच गरज आहे.

फाट्यावर थांबलेल्या त्या तरुणाला कोणी उचलून गाडीत घालण्याची आवश्यकता नाही. त्याच्या काठीकडे पाहून हळहळण्याचीही नाही. वाहकाने घंटा वाजविण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि मागच्याने घाई करू नये, एवढे पुरे. चांगला पाय आधी वर ठेवून, दांडा धरून, दुखरा पाय त्यामागे घेऊन तो आपला आपण चढेल. घाट त्याच्या ओळखीचा आहे.